ऐकू न येणाऱ्यांची गणती

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिलीचा प्रसंग जसा आनंदाचा तसाच हिशेबाचाही असतो. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती मुले शिकून बाहेर पडली, याची गणती अशा वेळी आपण मोठ्या कौतुकाने करितो. मी आज ज्या लोकांविषयी चार शब्द बोलणार आहे, त्यांची गणती मात्र सहसा कोणी करीत नाही. ते दूर कोठे राहतात असेही नाही. या मंडपातच ते बसलेले आहेत. मी बोलत असता ते मान डोलावीत आहेत, शेजारी हसला की तेही हसत आहेत. परंतु माझे निम्मे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. प्रौढ वयात ज्यांचे कान जड झाले आहेत, असे हे स्त्रीपुरुष होत.

बहिरेपणा हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे जन्मतः बहिरे असलेले मूल उभे राहते. अशा मुलांकडे ख्रिस्तसभेचे लक्ष पुष्कळ आधी गेले. संत फ्रान्सिस डि सेल्स यांनी १६०५ च्या सुमारास मार्टिन नावाच्या एका जन्मबधिर तरुणाला खाणाखुणांच्या साहाय्याने धर्मशिक्षण दिले, आणि म्हणूनच बधिरांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. आपल्या मुंबईत महागुरुस्वामी लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास माझगाव येथे मुक्याबहिऱ्या मुलांची शाळा निघाली. हिंदुस्थानातील अशा शाळांत ती पहिली समजली जाते. हे कार्य थोर होते व आहे. परंतु जो मनुष्य पन्नास वर्षे सर्वांसारखा ऐकत होता, बोलत होता, बाजारहाट करीत होता, आणि मग ज्याच्या कानांतून एकेक आवाज हळूहळू निघून गेला, त्याच्यासाठी कोणी शाळा काढीत नाही. त्याचे काही बिघडले आहे हेच मुळी कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि अशांची संख्या जन्मबधिरांच्या मानाने कितीतरी मोठी आहे.

ती किती मोठी आहे ते आता पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणाविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे जगात सुमारे दीडशे कोटी माणसांना, म्हणजे जवळजवळ दर पाचांतील एकास, कमीअधिक प्रमाणात ऐकू कमी येते. त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांचा दोष इतका वाढलेला आहे की उपचार अथवा साहाय्य यांवाचून त्यांचा नित्याचा व्यवहार अडतो. या ४३ कोटींतील सुमारे ८० टक्के लोक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. साठी ओलांडलेल्या माणसांत तर दर चारांत एकाहून अधिकांचा दोष या मोठ्या प्रकारचा असतो. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, त्या घरच्यांनी हा आकडा आपल्या वाड्यातील, आपल्या आळीतील वृद्धांना लावून पाहावा.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे दोन आकडे आढळतात आणि त्या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. २०११ च्या शिरगणतीत श्रवणदोष असलेले म्हणून सुमारे ५० लाख ७१ हजार लोकांची नोंद झाली. त्या वेळची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी धरिली तर हे प्रमाण हजारी चारच्या आसपास पडते. याच्या उलट, आरोग्य संघटनेच्या ज्या अंदाजाचा आधार आपल्या राष्ट्रीय बधिरता नियंत्रण कार्यक्रमात घेतला जातो, त्याप्रमाणे देशात सुमारे ६ कोटी ३० लाख लोकांना लक्षणीय श्रवणदोष आहे. म्हणजे हजारी ६३. आपल्या पाटण तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ३ लाख होती. पहिला हिशेब येथे लावला तर तालुक्यात बाराशे-तेराशे माणसे निघतात. दुसरा लावला तर एकोणीस हजारांच्या घरात जातात. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, केवळ त्रैराशिक आहे. परंतु एक गोष्ट त्यातून लख्ख दिसते: जेथे एक बहिरा माणूस कागदावर येतो, तेथे चौदा-पंधरा कागदावर येतच नाहीत.

असे का व्हावे? पहिले कारण असे की शिरगणतीचा गणक प्रश्न विचारतो. कान तपासत नाही. उत्तर बहुधा घरातील कर्ता देतो, आणि त्याच्या मते आपली आई बहिरी नसते, ती केवळ म्हातारी असते. दुसरे कारण असे की ज्याला ऐकू येत नाही, त्याला स्वतःलाही ते कळत नाही. डोळा अधू झाला तर अक्षरे पुसट दिसतात व आपण चष्म्याच्या दुकानी जातो. परंतु जो आवाज कानी आलाच नाही, तो आला नाही हे समजणार कसे? मनुष्याला वाटते, हल्ली मुले तोंडातल्या तोंडात बोलतात, सुना पुटपुटतात, ध्वनिक्षेपक बिघडला आहे. तिसरे कारण लाज. थोर संगीतकार बेथोव्हेन यास तिशीच्या आतच हा विकार जडला. आपल्याला ऐकू येत नाही हे लोकांना कसे सांगावे, या संकोचाने तो माणसांतून उठून गेला, आणि ही व्यथा त्याने १८०२ मध्ये आपल्या भावांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात मांडिली. ते पत्रही त्याच्या मृत्यूनंतरच लोकांच्या दृष्टीस पडले. ज्याच्या कलेची कीर्ती युरोपभर झाली त्याची ही कथा, तर मग आमच्या खेड्यातील शेतकऱ्याने ते लपविले यात नवल ते काय!

कानात नेमके काय बिघडते हेही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण ते कळले म्हणजे घरातील पुष्कळ भांडणे मिटतील. कानाच्या अगदी आतल्या भागी गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात प्रत्येक कानी सुमारे १५ ते १६ हजार सूक्ष्म केसधारी पेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या हालतात आणि त्यांचा संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो. या पेशी एकदा मेल्या की मनुष्यप्राण्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. वय व गोंगाट यांमुळे त्या झिजू लागतात, तेव्हा बहुधा उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी जातात. आपल्या भाषेतील स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते. परंतु स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजने उंच पट्टीत व क्षीण असतात. म्हणून अशा माणसाला बोलण्याचा आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' म्हटले की 'साठ' ऐकू जाते, 'साप' म्हटले की 'ताप'. पुरुषाचा जाड आवाज कळतो, पण नातीचे कोवळे बोल निसटतात. घरचे लोक म्हणतात, “यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते!” हा आरोप अन्यायाचा आहे. ते हवे तेवढे ऐकत नाहीत. त्यांच्या कानांत शिल्लक उरले आहे तेवढेच ऐकतात.

कारणांपैकी वय हे एक झाले, आणि त्यावर आपला इलाज चालत नाही. परंतु दुसरी कित्येक कारणे टाळता येण्याजोगी आहेत, व ती आपल्या परिचयाचीही आहेत. सातारा जिल्ह्यातील हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली. साचेखात्यात शेकडो मागांचा खडखडाट एकाच वेळी चाले. जोडीदाराशी बोलावयाचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागे किंवा हातवारे करावे लागत. १९८२ च्या संपानंतर पुष्कळ गिरण्या बंद पडल्या व माणसे गावी परतली. पण त्या खडखडाटाने कानांचे जे नुकसान केले होते ते गिरणीबरोबर बंद पडले नाही. आपल्याच खोऱ्यात १९५० च्या दशकात कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले, तेव्हा सह्याद्रीच्या पोटात बोगदे खोदले गेले व सुरुंग उडविले गेले. अशा कामावर, तसेच दगडखाणीत, साखर कारखान्यात, पिठाच्या गिरणीत ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांचे कान शाबूत राहणे अवघड असते.

याविषयी शास्त्रज्ञांचा एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ८५ डेसिबल इतका आवाज रोज आठ तासांपर्यंत कान सोसू शकतो असे मानितात. पुढे दर ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघ्या पंधरा मिनिटांवर येते. वरातीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तास तास नाचणाऱ्या तरुणांनी, आणि कानांत यंत्रे खुपसून मोठ्याने गाणी ऐकणाऱ्यांनी, हे गणित स्वतःशी करून पाहावे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीतील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ठरविली आहे. हा नियम इतरांच्या वरातीस लागू आहे आणि आपल्या सणाच्या मिरवणुकीस नाही, असे समजण्याचे कारण नाही.

याखेरीज लहानपणी कान फुटतो, वाहतो, आणि 'वाहून वाहून थांबेल' म्हणून तसाच सोडून दिला जातो. पडद्यास पडलेले भोक मोठेपणी बहिरेपणाच्या रूपाने आपली आठवण देते. कानात गरम तेल ओतणे, काडीने वा केसांच्या पिनेने मळ कोरणे, या सवयी घातक आहेत. क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनी कित्येकांचे प्राण वाचले, पण काहींचे कान गेले. मधुमेहानेही कानास अपाय होतो. आणि कधी कधी सारे दुखणे म्हणजे केवळ साचलेला मळ असतो. तो वैद्याने काढताच मनुष्य दहा मिनिटांत ऐकू लागतो. न तपासता 'वयोमान' म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

आता या दुखण्याचे मोल काय पडते ते पाहू. शरीराला त्याने वेदना होत नाही, म्हणून ते क्षुल्लक वाटते. परंतु मनुष्याला माणसांत ठेवणारा जो धागा आहे, तोच ते कुरतडते. जेवताना सारे हसतात आणि आजोबा विचारतात, “काय झाले रे?” त्यावर उत्तर येते, “काही नाही, जाऊ द्या.” या 'काही नाही'त फार मोठा कठोरपणा आहे. दोन वेळा, चार वेळा असे उत्तर मिळाले की मनुष्य विचारणे सोडतो. मग पंगतीत बसणे सोडतो. मग बैठकीस, लग्नास, प्रार्थनेस जाणे सोडतो. लोक म्हणतात, म्हातारा विक्षिप्त झाला, तिरसट झाला. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणे दाखविली, त्यांत मध्यम वयातील श्रवणदोष हे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक ठरले आहे. याचा अर्थ कान जड झालेल्या प्रत्येकाची स्मृती जाते असा मुळीच नव्हे. परंतु कानाची हयगय कानापुरतीच राहत नाही, एवढे यावरून निश्चित समजावे.

आपल्या धर्मजीवनातही याची एक कळ आहे, आणि ती या ठिकाणी सांगणे मला अवश्य वाटते. कान जड झालेला मनुष्य पापनिवेदनास जाण्याचे टाळू लागतो. त्याच्यात श्रद्धा उरली नाही असे नव्हे. धर्मगुरूंना मोठ्याने बोलावे लागते, तोही नकळत मोठ्याने बोलतो, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांच्या कानी ते पडते. म्हणून तो दर खेपेस 'पुढच्या वेळी जाईन' म्हणतो. ज्या संस्काराचा सारा आधार गुप्ततेवर, त्याच्या दाराशी तो या एका कारणाने अडून राहतो.

बहिऱ्यांच्या गोष्टी सांगून हसविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एकनाथ महाराजांचे बहिऱ्याचे भारूड प्रसिद्ध आहे. पण त्यातला बहिरा म्हणजे सद्वचन ऐकूनही न ऐकणारा मनुष्य होय. मनाचा बहिरेपणा हा दोष आहे. शरीराचा बहिरेपणा हे दुखणे आहे. या दोहोंची गल्लत करून दुखणाइतास दोषी धरणे योग्य नव्हे. संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने एका बहिऱ्या माणसास बरे केल्याचा वृत्तांत आहे. त्यातील एक बारीक गोष्ट आपण सहसा विसरतो: प्रभूने त्याला प्रथम गर्दीतून बाजूस नेले. पुढचा चमत्कार आपल्या हातचा नाही. पण गर्दीतून बाजूस नेणे आपल्या हातचे आहे, आणि आजचा कोणताही श्रवणतज्ज्ञ हाच उपदेश करील.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, तपासणी. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने डोळ्यांप्रमाणे कानही तपासून घ्यावेत. घरात दूरदर्शनचा आवाज वाढत चालला, 'काय म्हणालास?' हा प्रश्न वारंवार येऊ लागला, दूरध्वनीवर बोलणे नकोसे झाले, तर वाट पाहू नये. श्रवणमापन ही तपासणी दुखत नाही व तिला फार वेळ लागत नाही. कानाचे तज्ज्ञ कराड व सातारा येथे आहेत. आणि एखाद्यास एकाएकी, दिवस-दोन दिवसांत एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर ते तातडीचे दुखणे समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. उपचारास उशीर झाला तर गेलेले श्रवण परत मिळणे कठीण होते.

दुसरी गोष्ट, श्रवणयंत्र. ज्यांना त्याचा उपयोग होईल अशांपैकी जगात केवळ १७ टक्के लोक ते वापरतात, असे आरोग्य संघटना सांगते. चष्म्याची आपणास लाज वाटत नाही, मग यंत्राची का वाटावी? मात्र ते रस्त्यावर अंदाजाने विकत घेण्याची वस्तू नव्हे. कान मोजून त्याप्रमाणे ते बसवून घ्यावे लागते. प्रारंभी भांड्यांचा आवाज टोचतो, स्वतःचाच आवाज परका वाटतो, आणि आठ दिवसांत यंत्र पेटीत जाऊन पडते. पुष्कळ दिवस शांततेत राहिलेल्या मेंदूला आवाजांची पुन्हा सवय होण्यास काही आठवडे लागतात, हे घरच्यांनी समजून धीर द्यावा. गरीब वृद्धांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तीत देण्यात येणाऱ्या साहित्यात श्रवणयंत्राचाही समावेश केलेला आहे. दिव्यांगत्वाचा दाखला मात्र २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबल इतका दोष असल्याशिवाय मिळत नाही. आरोग्य संघटना तर चांगल्या कानातील ३५ डेसिबलपुढचा दोषच अडचणीचा मानिते. मधल्या माणसांना दाखला नाही, म्हणून त्यांना दुखणे नाही असे समजू नये.

तिसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. बोलण्यापूर्वी त्या माणसास नावाने हाक मारावी, त्याच्या समोर उजेडात उभे राहावे, म्हणजे त्यास ओठ दिसतील. ओरडू नये, अशा कानास बारीक आवाज येत नाही आणि मोठा आवाज मात्र बोचतो. सावकाश, स्पष्ट बोलावे. एक वाक्य कळले नाही तर तेच तीनदा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. एका वेळी एकानेच बोलावे. आणि 'काही नाही, जाऊ द्या' हे उत्तर आपल्या घरातून कायमचे काढून टाकावे.

शेवटी एक सूचना आपल्या धर्मग्रामापुढे नम्रपणे ठेवितो. ख्रिस्तमंदिरात पुढील दोन बाके ऐकू कमी येणाऱ्यांसाठी राखून ठेवावीत. वाचने व प्रवचनाचा सारांश मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या हाती द्यावा. पापनिवेदनासाठी महिन्यातून एक वेळ बंद दाराच्या स्वतंत्र खोलीची सोय करावी. ज्युबिलीच्या वर्षात एखाद्या रविवारी मिस्सानंतर कानांच्या तपासणीचे शिबिर भरवावे, आणि ते आपल्यापुरते न ठेवता साऱ्या गावासाठी खुले ठेवावे. म्हणजे पुढच्या ज्युबिलीस जेव्हा हिशेब मांडला जाईल, तेव्हा बाप्तिस्मे व विवाह यांच्या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा लिहिता येईल: आपल्यातील किती माणसे पुन्हा आपल्या बोलण्यात सामील झाली.

 ज्यांना हे भाषण नीट ऐकू आले नाही, त्यांच्याजवळ बसून ते पुन्हा सांगण्याचे काम मी आपणा सर्वांवर सोपवितो.